आजोबांचा हातचा, मॅडमचा बॉरो आणि मधात अडकलेली तिसरीतली पोरगी

पत्र असं आहे (थोडं छोटं केलंय):

"ताई, माझी मुलगी तिसरीत आहे, सेमी इंग्लिश, अनुदानित शाळा. या वर्षीपासून तिच्या मॅडम दर शनिवारी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रक टाकतात, 'या आठवड्यात आम्ही वर्गात काय शिकलो'. मागच्या वेळी होतं, मॅथ्स: सबट्रॅक्शन विथ बॉरोइंग, वितीने बाक मोजला. परिसर: पाणी कुठून येतं. मराठी: गोष्ट ऐकून शेवट बदलला. आता हे वाचून मी घरी काय करायचं तेच समजत नाही. मुलीला विचारलं तर 'काहीच नाही शिकवलं' म्हणते. सासरे रिटायर्ड आहेत, ते रोज संध्याकाळी तिचा अभ्यास घेतात, पण त्यांच्या पद्धतीने, आणि मग मॅडम वहीत लाल गोल करतात. पुण्याची नणंद फोनवर सांगते की आमची कधीच पुढच्या धड्यावर गेली. तिचं पण स्टेट बोर्डच आहे. मला तर वाटून राहिलं की विती मोजायला आणि गोष्टीचे शेवट बदलायला शाळेत पाठवतो का आपण? वहीच्या पानाचा फोटो सोबत देते. ट्यूशन लावू का? — एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर"

नमस्कार ताई. पत्र पूर्ण वाचलं, पण खरं सांगायचं तर पत्रापेक्षा त्या फोटोतच मी जास्त अडकले. तुम्ही तो 'बघा कसं लाल करून ठेवलंय' म्हणून पाठवला असेल, पण तुमच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं त्याच पानावर आहेत, म्हणून आधी वही बघू, पत्रकाचं नंतर.

पहिलं गणित ५२ वजा २७, पोरीने लिहिलंय १५. दुसरं ८१ वजा ४६, उत्तर २५. तिसरं ६४ वजा ३१, उत्तर ३३, त्यावर बरोबरची खूण. चौथं ७० वजा ३८, उत्तर २२. तुम्ही मोजले असतील तीन लाल गोल. मला दिसलं की तिन्ही चुकलेली उत्तरं बरोब्बर दहाने कमी आहेत, पाहिजे होते २५, ३५ आणि ३२. घाईघाईत, लक्ष नसताना चुकणारं पोट्टं असं एकसारखं चुकत नाही हो, ते एकदा दोनाने चुकेल, एकदा वीसाने, एखाद्या वेळेस बेरीजच करून ठेवेल. हिची चूक ठरलेली आहे, म्हणजे ती डोक्यात काहीतरी नियम धरून सोडवून राहिली आहे. आणि जिथे उसनं, म्हणजे पत्रकातलं ते बॉरोइंग, घ्यायचं कामच नाही, त्या ६४ वजा ३१ मध्ये, सगळं नीट.

आता फोटो जरा झूम करा. ५२ मधला ५ तिने तिरपी रेघ मारून खोडलाय आणि वर ४ लिहिलाय, ही मॅडमची पद्धत. आणि खाली २७ मधल्या २ च्या बाजूला पेन्सिलीने एकदम बारीक १ काढलाय, अर्धा खोडरबरने पुसलेला. हा आजोबांचा हातचा. दोन्ही एकाच गणितात! वरून पण एक कमी केला, खाली पण एक वाढवला, मग बारातून सात गेले पाच, चारातून तीन गेले एक, झाले १५. बिचारीने दोघांचंही ऐकलं, कोणाचं मन मोडलं नाही, गणित तेवढं मोडलं.

आजोबा कसं शिकवत असतील ते मी इथे बसून सांगू शकते, कारण त्या पिढीतले बहुतेक लोक तसंच शिकले. "दोनातून सात जात नाही, हातचा एक घेतला, बारातून सात गेले पाच, हातचा एक आणि दोन तीन, पाचातून तीन गेले दोन." उत्तर २५. एकदम बरोबर, आणि होतं पण पटापट, वरचा आकडा खोडावा लागत नाही. ही पद्धत का चालते, तर वर आपण दहा सुटे वाढवले आणि खाली एक दशक वाढवला, म्हणजे दोन्हीकडे दहा-दहा वाढले. आजोबा समजा ६८ चे आणि नात ८ ची, मधात फरक ६० चा, अजून दहा वर्षांनी ते ७८ आणि ही १८, फरक तोच. बस, एवढंच आहे त्या हातच्यात. पण हे 'का' शाळेत कोणी सांगत नसे, तोंडपाठ करून घेत, आणि झालंही काम सगळ्यांचं.

शाळा आता जी पद्धत घेते त्यात ५२ म्हणजे पाच दशक आणि दोन सुटे. दोनातून सात जात नाहीत तर एक दशक सोडवायचा, राहिले चार दशक आणि बारा सुटे, त्यातून सत्तावीस काढा. वर्गात हे काड्यांच्या गठ्ठ्यांनी दाखवतात, दहाचा गठ्ठा आणि वरचं रबर बँड काढलं की दहा सुट्या काड्या. मुलाला हाताने करून बघता येतं म्हणून लहान वर्गात हीच घेतात. आजोबांचा हातचा काड्यांनी दाखवायला गेलात तर तुमचीच फजिती होईल, खालच्या संख्येत वाढवायला काड्या आणणार कुठून.

तर मॅडम पण बरोबर, आजोबा पण बरोबर, आणि पोरगी मधात. सध्या घरी फक्त शाळेची पद्धत ठेवा, निदान दिवाळीपर्यंत. मला माहीत आहे की सुनेने सासऱ्यांना जाऊन 'बाबा, तुम्ही गणित घेऊ नका' म्हणणं म्हणजे घरात नवीनच गणित उभं करणं. ते रोज वेळ काढून बसतात ही फार मोठी गोष्ट आहे, कितीतरी घरात आजोबा एका मोबाईलवर आणि नात दुसऱ्या मोबाईलवर. म्हणून त्यांना थांबवू नका, कामाची उलटापालट करा. पोरीलाच पाठवा त्यांच्याकडे, "आबा, मॅडमची वजाबाकी तुम्हाला येत नाही, मी शिकवते." दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी द्या हातात, तिला दुकानदार होऊ द्या, पाच नोटा आणि दोन रुपये आहेत आणि आबांना सत्तावीस द्यायचे आहेत, तर एक नोट सुटी करावीच लागते. आठ वर्षांच्या पोरीला आजोबांची मास्तरीण व्हायला मिळालं तर ती अभ्यासाला नाही म्हणणार नाही, आणि तिला सांगता आलं म्हणजे तिला आलं. आजोबांचा हातचा मग पुढे, मॅडमची पद्धत पक्की झाल्यावर, उत्तर तपासायला म्हणून खुशाल शिकवू द्या.

आणि आजोबांसाठी एक काम आहे जे त्यांच्याइतकं चांगलं घरात कोणीच करणार नाही. सेमीच्या पोरांना नाईन्टी थ्री माहीत असतं, त्र्याण्णव म्हटलं की तोंडाकडे बघतात. भाजीवाला 'त्रेसष्ट रुपये झाले ताई' म्हणतो तेव्हा आपली हुशार पोरं गप्प. ऐकून लिहायला सांगितलं तर ९३ चे ३९ होतात, कारण मराठीत तीन आधी ऐकू येतो आणि नव्वद मागून. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ तीन' असं दिलं होतं त्याच्यावरून केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल, टीव्हीवर पण जोक चालू होते, पण अडचण तर खरीच होती ना. माझं मत विचाराल तर जुनी नावं यायलाच पाहिजे, बाजारात तीच चालतात, आणि त्यासाठी आजोबांसोबत गोकुळपेठच्या बाजारात दोन चकरा मारल्या की पुरे, वहीत शंभर वेळा लिहून घेऊ नका.

आता पत्रक. त्या शनिवारच्या मेसेजवरून तुमचा समज असा झालाय की शाळेने शिकवलं ते शाळेने कळवलं, म्हणजे आता घरी वापस एकदा ते घ्यायचं, आणि घेता येत नसेल तर आपण आई म्हणून कमी पडलो. असं कोणी म्हटलेलं नाही हो. वजाबाकी शिकवणं मॅडमचं काम आहे आणि त्या ते करून राहिल्या आहेत. पत्रक तुमच्या हातात आलंय ते पोरीशी काय बोलावं ते कळावं म्हणून.

तुम्ही विचारता 'आज काय शिकवलं', ती म्हणते 'काहीच नाही'. तुमच्याच घरात नाही, नागपूरभर हेच उत्तर आहे. ऑफिसातून आलेल्या नवऱ्याला 'आज काय केलं' विचारून बघा, तो पण 'काही नाही' म्हणतो. एवढ्या मोठ्या प्रश्नाला थकलेला माणूस उत्तर देत नाही, त्यात पोरगी भुकेली, दप्तर पाठीवर, ऑटोत पोट्ट्यांची भांडणं होऊन आलेली. आधी खाऊ द्या, पोहे असो की पोळीचा लाडू असो. मग पत्रकातलं बारीकसं काही धरून विचारा. 'बाक किती विती भरला?' 'तुझ्या बाजूच्या मुलीचा तेवढाच भरला का?' बघा कशी सुरू होते. हं, रोज नको, पत्रक हातात घेऊन समोर बसलात की ती पण समजते की हा अभ्यासच आहे.

वितीवर तुमचा जास्त राग दिसतोय म्हणून तिथेच जरा थांबते. घरी टेप आहे, स्केलपट्टी आहे, मग या जमान्यात वीत कशाला? तर वर्गात काय होतं ते बघा. चाळीस पोरं तोच बाक मोजतात, कोणाच्या नऊ भरतात, कोणाच्या अकरा, मॅडमच्या सात. मग भांडण, 'तू चुकला', 'तूच बोट आखडलं'. सगळे पुन्हा मोजतात, तरी येत नाही सारखं. आणि मग कोणीतरी म्हणतं की मॅडम, सगळ्यांचा हात सारखा नाही ना. बस, हे वाक्य मुलांच्या तोंडून यावं म्हणून तो अख्खा तास आहे. सगळ्यांना सारखं येईल असं माप का पाहिजे हे एकदा कळलं की सेंटीमीटर आणि मीटर हा पाठ करायचा धडा राहत नाही. सरळ स्केलपट्टी हातात दिली तर पोरगं मोजेल, नाही असं नाही, पण कितीतरी मुलं पाचवीपर्यंत पट्टी शून्याऐवजी एकवर ठेवूनच मोजत राहतात, कारण आपण नेमकं काय मोजून राहिलो ते त्यांना कोणी करू दिलेलं नसतं.

घरी जेवणाचा टेबल असेल तर या रविवारी तिला, आजोबांना आणि बाबाला तिघांना वितीने मोजायला लावा. दीड मीटरचा टेबल असेल तर आजोबांच्या सातेक विती भरतील, हिच्या दहा. मग तिला विचारा, सुताराला फोनवर टेबल सांगायचा तर दहा सांगायचं की सात? पुढचं तुम्ही बोलूच नका, तिला डोकं खाजवू द्या. दहा मिनिटाचं काम आहे आणि त्यात वही लागत नाही.

'पाणी कुठून येतं' हे त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं निघत आलंय, म्हणजे आपल्या पोरांच्या हातात नागपूर जिल्हा असतो. हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं, कारण ते पुस्तक परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रश्नोत्तरांपुरतं उघडलं जातं. बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहे, एकदा मोबाईलवर उतरवून नुसती चाळा. बालभारतीच्या परिसरच्या पुस्तकांत 'सांगा पाहू', 'करून पहा', 'जरा डोके चालवा' अशा चौकटी असतात, आणि तुम्हाला जे 'नुसते खेळून राहिले' वाटतं ते बहुतेक त्या चौकटींतूनच आलेलं असतं, मॅडमच्या मनचं नाही.

तर पाणी. तिला गच्चीवर न्या, टाकी दाखवा, टाकीतून नळापर्यंत पाइप कुठून उतरतो ते तिला शोधू द्या. मग टाकीत कुठून येतं? खालच्या लाईनीतून. लाईनीत? आणि इथे बहुतेक मोठ्यांची गाडी अडकते. नागपूरला पाणी मुख्यतः येतं पेंचच्या नवेगाव खैरी धरणातून आणि कन्हान नदीतून, पेंचचं बरंचसं पाणी गोरेवाड्याला शुद्ध होतं आणि मग जलकुंभांमध्ये चढतं. तुमच्या भागातला जलकुंभ येता-जाता दिसतच असेल, तिला एकदा थांबून दाखवा. कन्हान नदीच्या पुलावरून गाडी गेली की सांगा हे बघ, हे आपल्या गावाच्या नळाला येतं. आजोबांना विचारू द्या की त्यांच्या लहानपणी विहिरी किती होत्या, अंबाझरीचं पाणी एके काळी गावाला प्यायला येत होतं हे ते सांगतील तर तिला खरं वाटणार नाही. आणि पाणी जातं कुठे? नाग नदीत. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन रातोरात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं, ते तुमच्या घरच्या मोठ्यांना नक्की आठवत असेल, तेही सांगा, घाबरवायला नाही, नदी आणि नाल्यात काय फरक ते पोरीला विचारता येईल म्हणून. उन्हाळ्यात कूलरमध्ये रोज किती बादल्या जातात ते तिलाच मोजायला लावा, मेमध्ये, तेव्हा सुट्ट्याच असतात आणि पोट्टे घरात कंटाळलेले असतात. एवढं सगळं मॅडमना चाळीस मुलांना घेऊन करता येत नाही, तुम्हाला एका मुलीसोबत येतं.

गोष्टीचा शेवट बदलण्यावर जास्त लिहीत नाही. एवढंच बघा की शेवट बदलायला आधीची गोष्ट पूर्ण समजलेली लागते, पाठ केलेल्या उत्तराने ते जमत नाही. केंद्राने २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं ना, त्याचं म्हणणंच हे आहे की तिसरी संपेपर्यंत पोराला समजून वाचता आलं पाहिजे आणि साधं गणित आलं पाहिजे. त्यात मिनिटाला निदान ६० शब्द वाचावे असं एक माप आहे आणि काही उत्साही बाबा लोक स्टॉपवॉच लावून बसायला लागलेत, अरे बापा! तिथे 'समजून' हा शब्द आधी आहे, तो सगळे गाळतात. पोरगी धाडधाड वाचते आणि विचारलं की कोल्हा का पळाला तर पुन्हा पुस्तकात डोकं घालते, तर त्या वेगाचं काय करायचं? रात्री झोपताना एखादी गोष्ट तुम्ही अर्धी सांगून सोडा. पुढचं ती सांगेल, कोल्ह्याला मेट्रोत बसवून खापरीला पाठवेल, पाठवू द्या.

पुण्याच्या नणंदबाई. हे तर मला हसूच आलं, माफ करा. आपल्याकडे उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा आठवडा-पंधरवडा उशिरा उघडतात, जूनच्या शेवटाकडे. पुण्याची पोरं पंधरा-सोळा जूनला वर्गात बसलेली असतात तेव्हा आपली कूलरसमोर आंबे खात असतात. तर ती पुढे असेलच ना दोन धडे! त्यात कोणती शाळा आधी मोजमाप घेते, कोणती आधी वजाबाकी उरकते, ते शाळेच्या वार्षिक नियोजनावर आहे, वर्षाच्या शेवटी दोघी त्याच ठिकाणी पोचतात. आणि परिसरचं पुस्तक तर दोघींचं वेगळंच, भाचीचं पुणे जिल्ह्याचं, हिचं नागपूरचं. पुढच्या फोनला तुम्हीच विचारा की तुमच्याकडे खडकवासल्याचं पाणी घरापर्यंत कसं येतं ते तिला सांगता येतं का. नाही, नका विचारू, सणासुदीला भेटायचं असतं.

एक गोष्ट मात्र मी तुमच्या बाजूने म्हणते. 'सबट्रॅक्शन विथ बॉरोइंग' एवढं लिहून पाठवलं तर पालकांना काय कळणार? शाळेची भाषा शाळेला समजते. पत्रकात विषयांची यादी थोडी कमी आणि सोडवलेलं एक उदाहरण असतं, वर्गातल्या फळ्याचा एक फोटो असता, तर तुमच्या आजोबांनी पहिल्याच आठवड्यात बघितलं असतं की अच्छा, पोरीला असं शिकवून राहिले, आणि हा घोळ झालाच नसता. हे तुम्ही शाळेला सांगू शकता, आणि सांगायला जागा पण आहे. अनुदानित शाळा आहे म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती असणार, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या बायका. तुमच्या वर्गातलं कोण आहे त्यात ते विचारून घ्या. पालकसभेला फक्त सह्या करून, चहा पिऊन येऊ नका, हा एक मुद्दा मांडा, फळ्याचा फोटो. मॅडमचं काम पण कमीच होईल, आठ ओळी टाइप करण्यापेक्षा फोटो काढणं सोपं. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत माता-पालकांचे गट आहेत, तिथे आया एकत्र बसून मुलांसोबत असलेच छोटे-छोटे खेळ करतात. तुमच्या फ्लॅट स्कीममध्ये त्याच वर्गातल्या दोघी-तिघी असतील तर तसं जमवायला काय हरकत आहे.

ग्रुपचं म्हणाल तर म्यूट करा. रात्री साडेदहाला 'कोणी परिसरचा होमवर्क पाठवा प्लीज' आणि त्याच्याखाली सतरा हात जोडलेले, त्यात मॅडमचं शनिवारचं पत्रक वर कुठे जाऊन बसतं सापडत नाही. पत्रक आलं की स्टार करून ठेवा किंवा सरळ कागदावर उतरवून फ्रिजवर लावा, आजोबांना पण दिसेल.

राहिलं ट्यूशन. सध्या नको. आत्ता तिच्या डोक्यात दोन पद्धती भांडून राहिल्या आहेत, ट्यूशनवाल्या मॅडम तिसरी आणतील. दोन-तीन आठवडे फक्त शाळेच्या पद्धतीने जाऊ द्या, रोज तीन-चार गणितं, जास्त नाही, आणि नोटा-नाणी समोर. मग एक पान स्वतः बघा, लाल गोल मोजू नका, चुका कशा आहेत ते बघा. दहाने कमी येणं थांबलं असेल तर प्रश्न मिटला. चुका कशाही, कुठेही होत असतील, किंवा ४७ मोठे की ७४ मोठे यात ती अडखळत असेल, तर प्रश्न वजाबाकीच्या आधीचा आहे, दशक-एककाचा, आणि तो मॅडमशी बोलायचा. तिसरीत सरकारी आणि अनुदानित शाळांत पायाभूत चाचणी होते, तिची कुठे अडचण आहे ते मॅडमना त्या पेपरवरून पण सांगता येईल, मार्क किती पडले ते न विचारता कुठल्या प्रकारची गणितं चुकली ते विचारा.

मॅडमना काय लिहायचं ते सुचत नसेल तर हे घ्या, असंच पाठवा:

"नमस्कार मॅडम. वजाबाकी करताना ती घरची आणि शाळेची पद्धत मिक्स करते असं दिसतंय, पानाचा फोटो देत आहे. घरी आता आम्ही फक्त तुमचीच पद्धत ठेवतो. वर्गात तुम्ही गणित कसं मांडता, त्या एका उदाहरणाचा फोटो मिळाला तर आजोबांना दाखवता येईल."

ग्रुपवर नको, मॅडमच्या नंबरवर पाठवा, नंबर देत नसतील तर डायरीत लिहून द्या. आणि सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळेला गेटवर गाठू नका, त्या वेळी चाळीस पोरांची रांग लावायची असते, त्यांना तुमचं नीट ऐकूही येणार नाही.